डोळे मिटून मारलेली फुली

पोरांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, की आमची आई खरंच चॅम्पियन होती, की नुसतीच सांगते? नुसतीच सांगत नाही. स्कीवरून काठ्यांमधून वळत उतरायच्या शर्यतीत, म्हणजे स्लॅलममध्ये, तुमची आई सलग दोन वर्षं ब्रिटनची ज्युनियर विजेती होती. त्यानंतरचे चार हिवाळे ती आल्प्समध्ये निरनिराळ्या देशांच्या मुलींकडून हरली, एकदा जिंकली, मग गुडघा गेला आणि ती माणसांत आली. एवढं सगळं तिच्या कपाटातल्या कपांवर कोरलेलं आहे. कपांवर नसलेली गोष्ट अशी, की ही कारकीर्द सुरू होण्याआधीच संपवायचा पराक्रम मी एका पेन्सिलीने जवळजवळ केला होता. तो मी तुम्हाला लिहून पाठवते आहे. आई वाचून दाखवणार असेल तर पानं मोजून घ्या. सहा आहेत.

तुमच्याकडे न्यूझीलंडला घरामागे बर्फाचे डोंगर आहेत. तुमची आई वाढली त्या ग्लासगोत पाऊस आहे. बर्फ पडलाच तर दुपारपर्यंत त्याचा चिखल होतो. म्हणून तिथल्या लोकांनी एका टेकडीवर प्लॅस्टिकचा उतार बांधला होता. हजारो टूथब्रश ब्रशाची बाजू वर करून एकमेकांना चिकटवले तर कसं दिसेल, तसा. त्यावर स्की सरकावी म्हणून पाण्याचे फवारे लावलेले असत, आणि धो धो पाऊस पडत असला तरी ते चालूच असत, कारण तसा नियम होता. हा देश मला पहिल्यांदा मनापासून आवडला तो तिथे.

तुमची आई नऊ वर्षांची असताना शाळेबरोबर तिथे गेली आणि कोपर सोलून परत आली. पुढच्या आठवड्यात दुसरं कोपर सोललं. त्या प्लॅस्टिकला जाळीसारखी भोकं होती. पडलं की त्यात अंगठा अडकायचा आणि मोडायचा. तिचा दोनदा मोडला. आजोबा हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर, त्यामुळे त्यांना कशाचंच काही वाटत नसे. मी मात्र एकदा विचारलं, "तू बॅडमिंटन का खेळत नाहीस?"

"त्यात खाली जाता येत नाही," ती म्हणाली.

गणपतीला मराठी मंडळात बायका मला विचारत, "म्हणजे ती नक्की करते काय?"

"वरून खाली येते."

"आणि मग?"

"मग परत वर जाते."

यावर त्या माझ्याकडे सहानुभूतीने बघत आणि आपल्या मुलीच्या भरतनाट्यमबद्दल सांगत.

आता माझ्याबद्दलची एक गोष्ट. तिचा नंबर पुकारला की माझे डोळे मिटायचे. मी मिटत नसे, ते आपोआप मिटायचे. प्लॅस्टिकवरची शर्यत वीस-एक सेकंदांची असते. तेवढा वेळ मी मनात मारुतीरायाला हाका मारायची आणि खाली टाळ्या वाजल्या की डोळे उघडायची. पाच वर्षांत मी तुमच्या आईला शर्यतीत एकदाही पाहिलं नव्हतं. हे तिला माहीत होतं, आजोबांनाही.

"अगं, रविवारी पहाटे उठून, डबे भरून येतेस, तर बघ तरी," ते म्हणायचे.

"ऐकते की मी."

"शर्यत ऐकायला मुलीला रेडिओवर पाठवलं असतं."

क्लबात पगारी माणूस एकच, कोच. बाकीची सगळी कामं आईबापांनी वाटून घ्यायची. कोणी चहा करायचा, कोणी घड्याळ लावायचं, कोणी उतारावर गेटपाशी बसायचं. गेट म्हणजे लाल किंवा निळ्या काठ्यांची जोडी. प्रत्येक जोडीतून दोन्ही स्कींची टोकं गेली पाहिजेत. एक जरी टोक बाहेरून गेलं तर मुलगी बाद. हे बघायला दर तीन गेटांमागे एक माणूस हातात कार्ड आणि दोरीला बांधलेली पेन्सिल घेऊन पावसात बसलेला असतो. त्याला गेट-जज म्हणतात. मी शाळेच्या लायब्ररीत काम करत होते. माझं अक्षर कोणीतरी पाहिलं आणि मला गेट-जज केलं. माझी एकच अट होती, मुलींच्या शर्यतीत मला बसवायचं नाही, मुलांच्या शर्यतीत बसवा. ती अट सगळ्यांनी पाळली. ऑक्टोबरातल्या त्या रविवारपर्यंत.

तुमची आई तेव्हा चौदा वर्षांची होती. हंगामातली ती शेवटची शर्यत. पहिल्या चार मुली डिसेंबरात ऑस्ट्रियाला जाणार होत्या, सहा आठवडे, खऱ्या बर्फावर, स्कॉटलंडच्या संघातून. पुढच्या वर्षी त्या संघासाठी तिचं वय उलटणार होतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. तिने पंधरा दिवस आधीपासून आमच्याशी बोलणं बंद केलं होतं. बोललीच तर "मीठ दे" एवढंच.

सकाळी मुख्य पंच माझ्याकडे आले. ते गणिताचे निवृत्त शिक्षक होते, आणि त्यांच्या मिशांवरून कायम पाणी ठिबकत असे. एक गेट-जज आजारी पडला होता. मुलींच्या पहिल्या फेरीपुरती मी वरच्या तीन गेटांपाशी बसेन का? फक्त पहिल्या फेरीपुरती. मी नाही म्हणायला हवं होतं. पण बोलता बोलता त्यांनी क्लिपबोर्ड माझ्या हातात दिला, आणि एकदा हातात क्लिपबोर्ड आला की मला नाही म्हणता येत नाही.

गेट-जजच्या कार्डावर फक्त चूक झाली तर लिहायचं असतं. बरोबर गेलेल्या मुलीपुढचा चौकोन रिकामा ठेवायचा. मला रिकामा चौकोन सहन होत नाही. मी प्रत्येकीपुढे टिक करत गेले, एकसारख्या, नीट रेषेत. सोळा मुली, सोळा टिका. सतरावी तुमची आई.

वर तिचा नंबर पुकारला. मी स्वतःला बजावलं, तीनच गेटं आहेत, दोन सेकंदांचा प्रश्न आहे, बाई, डोळे उघडे ठेव. मी ते फाकवून धरले. स्की प्लॅस्टिकवर खरडल्याचा आवाज जवळ आला आणि डोळे मिटले. खाड्कन काठी वाजली. उघडले तेव्हा ती खाली निघून गेली होती आणि माझ्यासमोर निळी काठी हलत होती.

काठी सगळ्यांच्याच धक्क्याने हलते. त्यावरून काहीच कळत नाही.

आता सतरा नंबरपुढे काय लिहायचं? टिक केली तर न पाहता स्वतःच्या मुलीला पास केलं. आणि पंचवीस आईबाप बघत असताना उतारावरची एकमेव साडीवाली बाई, साडीवर वॉटरप्रूफ आणि खाली गमबूट, तिने स्वतःच्या मुलीच्या नावापुढे टिक केली, हे लोकांना कसं दिसेल? रिकामा ठेवला तर सोळा टिकांच्या खाली एक भोक. अठरा नंबरची मुलगी निघाली होती, विचार करायला वेळ नव्हता. मी फुली मारली.

फेरी संपल्यावर बाद झालेल्यांची यादी खालच्या फळ्यावर लागली. एकच नंबर होता. स्कीचे जड बूट आपटत तुमची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पंधरा दिवसांनी बोलत होती.

"आई, व्हॉट इज धिस? सतरा? सतरा मी आहे!"

"हो, माहीत आहे."

"तुझ्या गेटला! तू माझी आई आहेस की पोलीस?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू दे! तू तरी बघितलंस का?"

तिने माझा चेहरा बघितला. "ओ माय गॉड," ती म्हणाली. "तू डोळे मिटले होतेस."

निकालाविरुद्ध तक्रार करायला पंधरा मिनिटं असतात. कोचने चौदाव्या मिनिटाला केली. पंचांची एक लाकडी खोली होती, त्यात एक टेबल, एक हीटर आणि ओल्या मोज्यांचा वास. मला आत बोलावलं. तुमची आई दाराशी हेल्मेट काखेत मारून उभी.

"कुठली स्की बाहेरून गेली? डावी की उजवी?" पंचांनी विचारलं. "फुलीच्या बाजूला चित्र काढायचं असतं. तुम्ही काढलेलं नाही."

मी आयुष्यात पहिल्यांदा अपूर्ण कागद दिला होता. मी म्हणाले, "मला माहीत नाही. माझे डोळे मिटलेले होते."

त्यांच्या मिशांवरून एक थेंब कार्डावर पडला. "म्हणजे तुम्ही पाहिलंच नाही?"

"नाही."

"मग फुली का मारलीत?"

"बरोबर म्हणाले असते तर खोटं ठरलं असतं."

"आणि चूक म्हणणं?"

"तेही खोटंच. पण त्यात नुकसान निदान घरच्याचं होतं."

कोच भिंतीकडे तोंड करून खोकला. तेवढ्यात आजोबा हातात व्हिडिओ कॅमेरा घेऊन घाईघाईने आत शिरले. "माझ्याकडे पुरावा आहे!" म्हणाले. सगळे त्या बोटभर पडद्यावर वाकले. तुमची आई वरून निघाली, पहिलं गेट ओलांडलं, आणि तिथे कॅमेरा तिला सोडून माझ्याकडे वळला. पडद्यावर मी एकटीच. हातात पेन्सिल, डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलतायत.

"हे बघा," आजोबा आनंदाने म्हणाले. "मिटलेले आहेत."

"आणि गेट?" पंचांनी विचारलं.

"गेट नाही आलं. पण ही बघा ना!"

लग्नानंतर इतक्या वर्षांत आजोबांनी माझ्याविरुद्ध दिलेली ही एकच साक्ष, तीही मुलीच्या बाजूने, म्हणून मी ती विसरले आहे. पंचांनी कार्ड उलटसुलट बघितलं, माझ्या सोळा टिकांवरून बोट फिरवलं. "या कोणी करायला सांगितल्या होत्या?"

"कोणी नाही. रिकामे चौकोन बरे दिसत नाहीत."

त्यांनी फुली खोडली. पाहिलेलं नसेल तर संशयाचा फायदा स्पर्धकाला, असा नियमच होता, आणि तो कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला होता. मी कार्डाची मागची बाजू वाचली नव्हती. हे लिहिताना मला आजही लाज वाटते, फुलीपेक्षा जास्त.

तुमची आई यादीत परत आली, तिसऱ्या जागी. पण ती आत आली म्हणजे चौथी होती ती पाचवी झाली. ती होती एक लाल केसांची मुलगी, आणि तिची आई दर रविवारी माझ्या शेजारी बसून माझ्या डब्यातला चिवडा खायची. मला सगळ्याच गेटांवरून काढून चहाच्या टेबलावर पाठवलं, तर ती बाई तिथेच पावांना लोणी लावत होती. ती म्हणाली, "मीसुद्धा डोळे मिटले असते. पण टिक केली असती." आणि लोण्याची सुरी माझ्या हातात दिली.

दुसरी फेरी आम्ही दोघींनी उताराकडे पाठ करून ऐकली. लाउडस्पीकरवर एकेक वेळ येत होती. तिच्या मुलीची आली तेव्हा तिने पाव खाली ठेवला. तुमच्या आईची आली तेव्हा मी ठेवला. दोन्ही फेऱ्यांची बेरीज झाली. तुमची आई चौथी. लाल केसांची पाचवी, डोळ्याची पापणी लवावी एवढ्या फरकाने. त्या बाईने किटली पुन्हा भरली. मग म्हणाली, "माझ्या मुलीला हा खेळ तसाही फारसा आवडत नव्हता," आणि हे खोटं होतं हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. पुढच्या रविवारी सरावाला मी चिवड्याचा अख्खा डबा तिच्यासाठी नेला. ती आली नाही.

परतताना गाडीत तुमची आई मागच्या सीटवर, केस ओले, हातात लोणी लावलेले चार पाव. पहिले दोन तिने संपवले. आजोबा मोटरवेवर चढले. मला राहवेना. मागे वळून विचारलं, "आता तरी खरं सांग. ते निळं गेट चुकलं होतं का?"

तिने तिसरा पाव तोंडात कोंबला, सावकाश चावला, गिळला.

"मला काय विचारतेस?" ती म्हणाली. "तिथे जज बसली होती. तिला विचार."

आजोबा इतके हसले की आमचा फाटा चुकला आणि आम्ही दहा मैल पुढे जाऊन परत फिरलो. मी हसले नाही. मला अजून उत्तर हवं आहे. डिसेंबरात विमानतळावर विचारलं, तिच्या लग्नात विचारलं, तुमच्या बारशालाही विचारलं. आता तुम्ही विचारा. ती गाडी चालवत असताना विचारा, म्हणजे उठून जाता येणार नाही. काय म्हणते ते मला कळवा. सोबत स्कीचं चित्र काढा, डावी की उजवी ते स्पष्ट दिसेल असं.