मिलिमीटरबाईंचा मॉनिटर

कारखान्यात तिला सगळे मिलिमीटरबाई म्हणत. लोखंडी पत्रा कुठे कापायचा, भोक कुठे पाडायचं, त्याचं ड्रॉइंग ती घरी कंप्युटरवर करायची. अकरा वर्षांत त्यावर बोट ठेवायला कुणाला जागा मिळाली नव्हती. मग एकदा बारा पत्रे भंगारात गेले. जुन्या मॉनिटरवर शेजारच्या दोन रेघा एकच दिसल्या आणि तिने माप चुकीच्या रेघेपासून धरलं.

"बाईंचा मिलिमीटर आता सेंटिमीटर झाला," फोरमन सगळ्यांदेखत म्हणाला.

तिने सबब सांगितली नाही. "चूक माझी. मॉनिटर बदलते आणि ड्रॉइंग पुन्हा करून देते."

"द्या," मालक म्हणाले. "पण आता चुकलं, तर काम दुसरीकडे देईन."

दुकानात सासरे बरोबर आले. त्यांनी जन्मभर लेथ मशीन चालवलं होतं, आणि आता रोज संध्याकाळी सुनेबरोबर कंप्युटरवर मोटारींची शर्यत खेळायचे.

"काम तुझं, पण शर्यत माझीही आहे," त्यांनी बजावलं. "गाडी अडखळायला नको."

मांडलेल्या तीन मॉनिटरांपैकी सगळ्यात महागड्या ‘फोर-के’ मॉनिटरसमोर विक्रेत्याने दोघांना थेट उभं केलं. "ताई, याच्या वर काही नाही. ठिपके जास्त, तेवढं चित्र रेखीव."

"सूनबाई, घेऊन टाक. काय लखलखतंय!" सासरे लगेच विरघळले.

तिने पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यात त्याच बारा पत्र्यांचं ड्रॉइंग होतं. "हे तिन्ही मॉनिटरवर उघडा."

विक्रेत्याने तोंड वाकडं केलं, पण उघडलं. तिन्ही सत्तावीस इंची. सगळ्यात कमी ठिपक्यांच्या ‘फुल एचडी’वर तिरक्या रेघांना करवतीसारखे दाते दिसले. फोर-केवर रेघ सुरेख होती, पण अक्षरं मोठी वाटली. तिने सेटिंग पाहिलं. दुकानाने सगळंच दुप्पट मोठं करून ठेवलं होतं. म्हणजे मावणार फुल एचडीइतकंच. तिने ते मूळ मापावर आणलं.

"बाबा, आकडे वाचा."

"मुंग्या वाचता येतात का कुणाला?"

मग तिने घरच्या कंप्युटरमध्ये चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स कार्डचं नाव सांगितलं. विक्रेत्याने डोकं खाजवलं. "एवढे ठिपके त्या कार्डाला झेपणार नाहीत. फोर-केवर शर्यत अडखळेल, काका."

"मग उचल तो इथून," सासरे म्हणाले.

उरला मधला, उंचीत चौदाशे चाळीस ठिपक्यांचा. तिने खुर्ची ओढली, हातभर अंतरावर बसली आणि ड्रॉइंगचा कोपरा न् कोपरा पाहिला. वीस मिनिटं गेली.

"अगं, मॉनिटर बघतेयस की स्थळ?"

ती हसली, पण उठली नाही. दोन्ही रेघा वेगळ्या दिसत होत्या. आकडे डोळे न ताणता वाचता येत होते. शेजारी मापांची यादीही मावत होती. शेवटी शर्यत लावून पाहिली. गाडी लोण्यासारखी पळाली.

"हाच," ती म्हणाली.

आठवड्याने नवे बारा पत्रे कापून आले. ती सासऱ्यांना घेऊन कारखान्यात गेली. बोल्ट फोरमनने स्वतः लावले. एकेका पत्र्याला चार. हातोडी शेजारी ठेवली होती, तिला हात लावावा लागला नाही. अठ्ठेचाळीसावा बोल्टही नुसत्या बोटांनी आत गेला.

मालकांनी पुढच्या कामाचे कागद तिच्या हातात दिले. सासऱ्यांनी ते मागून घेतले आणि घरापर्यंत छातीशी धरून नेले.