आता बारी इराची

लालबागच्या चाळीखाली टॅक्सी उभी होती. आई डिकीत मालवणी मसाल्याची बरणी पुन्हा पुन्हा घट्ट बसवत होती. मी लग्न होऊन ग्लासगोला निघाले होते आणि रडत होते. बाबा खिडकीशी वाकून एवढंच म्हणाले, "थंय जावन गप रवू नको. इचारीत रव."

बाबा गिरणीत होते आणि डबलबारीचे बुवा. डबलबारीत दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. एका बुवानं गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथे गाऊन उत्तर द्यायचं. बारी झाली की दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी बाबा मला आणि नंदूदादाला गॅलरीत बसवायचे. "तू बुवा आसतंस तर काय उत्तर देतंस?" सिनेमा पाहून आलो तरी तेच. नुसतं "छान होता" म्हटलं तर चहात बुडवायचं बटर मिळायचं नाही.

हे सगळं उफाळून आलं यंदा गणपतीला लालबागला आले तेव्हा. चाळीच्या जागी आता टॉवर आहे. गॅलरी गेली आणि बाबांचं बोलणंही आटलं. सोफ्याच्या कडेला बसून असतात. माझी लेक इरा, वय चौदा, कोपऱ्यात मोबाईलवर सीरीज बघत होती. नंदूदादा सगळ्यांदेखत म्हणाला, "ही जनरेशन म्हणजे मठ्ठ. नुसतं स्क्रोल. डोकं वापरायलाच नको." त्याच वेळी वहिनी त्याच्या लेकाला भरवत होती, समोर कार्टून लावून.

माझं टाळकंच सरकलं. पोरं गप्प बसावीत म्हणून मोबाईल आपण हातात द्यायचा, काय पाहिलंस हे कधी विचारायचं नाही आणि वर मठ्ठही आपणच म्हणायचं! ग्लासगोच्या आमच्या मंडळात उलटी तऱ्हा. तिथले आईबाप कौतुकानं सांगतात, सीरीजमध्ये किती गुंते असतात, गेम्समुळे मुलं कशी शार्प होतात. म्हणजे मुलांना शहाणं करायचं कामही कंपन्यांच्या गळ्यात मारून हे मोकळे. अहो, डबलबारी ऐकता ऐकता घोरणारी पोरं आमच्या चाळीत ढीगभर होती. आम्हाला शहाणं केलं ते गॅलरीतल्या त्या प्रश्नानं. दादाला हे सगळं तोंडावर सुनावलं. तो हात झटकून आरतीची तयारी करायला उठला.

तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला. "काय बघतंस गो?"

इरा दचकली. "एक क्वीन आहे, आजोबा. तिचा भाऊ ट्रेटर आहे, पण गावाला तो हिरो वाटतो. ती कुणालाच सांगत नाही."

"तू रानी आसतंस तर?"

इरानं मोबाईल उलटा ठेवला. जरा विचार केला. "मी पण नसतं सांगितलं. आधी गाव सेफ पाहिजे."

"म्हंजे गावाक फसवलंस."

"आणि सांगितल्यामुळे गाव जळालं असतं तर? मग तुमचं खरं ऐकायला कोण उरणार, आजोबा?"

बाबांनी मांडीवर अशी थाप मारली की वहिनीचा घास हातातच राहिला. "आता बारी माझी," ते म्हणाले. किती दिवसांनी मी तो बुवांचा आवाज ऐकत होते! माझे डोळे भरून आले. आरतीची तयारी थांबली ती थांबलीच.

तिकडे राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, घर कुठलं असं मला आता कुणी विचारलं तर मी लालबागही सांगत नाही आणि ग्लासगोही. जिथं आपल्याला प्रश्न विचारून कुणीतरी उत्तरासाठी थांबतं, ते माझं घर.

परवाच्या रविवारी ग्लासगोला दादाचा फोन आला. म्हणाला, "बाबांचा फोन तासभर एंगेज लागतोय. आणि तुझी इरा? मोबाईलवरच असेल."

"हो," मी म्हटलं. "बाबांशी भांडतेय."