पत्र्यावरची थाप

थंडी पडली की नाशिकचे काका-काकू गाडीला चाकांवरचं घर जोडून आमच्या कोकणात येतात. जन्मभर दोघं लाल बसवर होती. काका ड्रायव्हर, काकू कंडक्टर. काल माडांमधल्या अरुंद वाटेत ते घर मागे घ्यायचं होतं. मी मदतीला धावलो.

"राहू द्या," काका ऐटीत म्हणाले, "माझी कंडक्टर आहे!"

काकू पत्र्यावर थापा मारत मागे उभ्या. "येऊ द्या, येऊ द्या... बास!"

एकाही माडाला घर घासलं नाही. म्हातारपणी माणसं मागे वळून उसासे टाकतात. ही दोघं मागे बघतात ती घर नीट लावायला.

काकूंनी दार उघडून पुकारा केला, "चला, शेवटचा स्टॉप!"

"शेवटचा कसला?" काका म्हणाले. "ही मुक्कामाची गाडी. होळीनंतर पुन्हा सुटणार."