आबांचा ओटा आणि गटारबाई

गटारबाई कधी समोर बघून चालत नसत. मान खाली, नजर रस्त्यावर. मधेच थांबतील, चपलेनं माती सारतील, पुन्हा निघतील. नवख्या माणसाला वाटायचं, बाईंचं काहीतरी पडलंय. शिरूरला आल्यावर गावातली तोंडं त्यांना उशिरा ओळखू यायला लागली, उंबरे आधी पाठ झाले. कुणाचा उंबरा रस्त्याच्या वर आणि कुणाचा खाली, हे त्या माणसाच्या नावाआधी सांगायच्या.

त्या नगरपालिकेत ओव्हरसीयर होत्या. पावसाचं पाणी गावातून घोड नदीपर्यंत नीट पोचवायचं, हे त्यांचं काम. सत्तरच्या दशकातल्या त्या वर्षांत बाईमाणूस ओव्हरसीयर, हेच लोकांना पचत नव्हतं, त्यात गटारं. नाव पडायला कितीसा वेळ लागणार? मी एकदा विचारलं, तुम्हाला राग नाही येत? तर म्हणाल्या, "राग कशाचा? मास्तराला मास्तर म्हणतात. माझं बी कामाचंच नाव हाय." वडील दौंडला रेल्वेत, बालपण तिथल्याच बौद्ध वस्तीत गेलेलं. ऑफिसात त्या शिकलेली भाषा बोलत, आमच्याशी घरची.

बाजारपेठेत आमचं भुसारमालाचं दुकान होतं आणि मी त्या घरातली नवी सून. दुकानापुढं शहाबादी फरशीचा ओटा होता, नेमका गटारीवर बांधलेला. माझे सासरे आबा सकाळ-संध्याकाळ त्यावर बसत. निम्मं गाव त्यांना तिथंच भेटायचं, भांडणंही तिथंच मिटायची. पण ओट्याखाली गटार तुंबायची. पाऊस आला की पाणी रस्त्यावर चढायचं आणि शेजारच्या बोळातून नदीकाठच्या खालच्या वस्तीत घुसायचं. बाईंनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं. आबा म्हणाले, "ओटा माझ्या वडलांनी बांधलाय." बाई म्हणाल्या, "ओटा तुमचाच हाय, आबा. खाली जाणारं पाणी कुणाचं, तेवढं सांगा." आबांनी उत्तर म्हणून चहा मागवला. बाईंनी तो उभ्यानंच घेतला. ज्या ओट्याला नोटीस द्यायची त्याच्यावर बसू नये, असा त्यांचा नेम होता.

त्यांची कामाची रीत अशी की कागदावर फार विश्वास नाही. उन्हाळ्यात, रस्ते कोरडे असताना, त्या पाणी सोडून त्याच्यामागं चालायच्या. कुठं वळतं, कुठं रेंगाळतं ते बघायच्या. पाणी दिसावं म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी त्यात हळद घातली आणि वर झेंडूच्या पाकळ्या सोडल्या. तेही आमच्या दुकानाशेजारच्या चौकात. मग काय विचारता! कुणीतरी उतारा टाकलाय, अशी हूल उठली. बायका पोरांना काखोटीला मारून लांबून जायला लागल्या. त्या कोपऱ्यावर सगळी पेठ केर टाकायची, तो टाकायची कुणाची छाती होईना. कोपरा असा चकाचक झाला की सफाईचा मुकादम खूश. म्हणाला, "बाई, दर अवसंला टाकत जावा. माझी माणसं सुटतील."

बाईंनी मात्र दारोदार जाऊन सांगितलं, हळद मी टाकली, पाण्याची वाट बघायला टाकली, उतारा-बितारा काही नाही. चार दिवसांत केर परत आला. मला त्यांचा रागच आला. आयती साफ राहिलेली जागा हातानं घालवली. मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "भ्यालेला माणूस केर घरात ठेवतो व्हय? दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकतो. पाणी कुठं जातंय ते त्याला कळाय पायजे." पुढच्या वर्षीपासून हळदीऐवजी भुसा आला, आणि तो त्या आमच्याच दुकानातून विकत नेत.

माझं माहेर इनामगाव. तिथं तेव्हा उत्खननवाले जुनी वस्ती उकरत होते. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी नदीच्या पाण्यासाठी चर खणला होता, बांध घातला होता, हे ऐकून बाई हरखल्या. आबांना ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाल्या, "बघा, त्यांना पाण्याला वाट द्यायचं सुचलं. ओटा आपल्यालाच सुचला." आबा वर्तमानपत्रातून वर बघेनात.

नोटीस काढून ओटा फोडायचा अधिकार त्यांना होता. पण पेठेत कुजबुज सुरू झाली होती, की बाई आपल्या जातवाल्यांसाठी बाजारपेठ उकरायला निघाल्यात. ती त्यांच्या कानावर गेली. त्यांनी नाकारलं नाही. "खाली माझी माणसं हायेत, हे खरंच हाय. ती माझी नसती तरी पाणी तिकडंच गेलं असतं." मग त्या आबांकडं आल्या. म्हणाल्या, "मी नोटीस काढत न्हाई. तुम्ही एकदा पाण्याबरोबर चाला. मग ठेवा नाहीतर फोडा. मी पुन्हा बोलणार न्हाई."

म्हातारा ओटा सोडणार नाही, आणि बाई शब्द मोडणार नाहीत. म्हणजे येत्या पावसातही वस्ती पाण्यातच.

बाईंना खोटं पाडायला म्हणून आबा उठले. नगरपालिकेची पाणी मारायची गाडी चौकात उभी राहिली. मचूळ विहिरीचं पाणी होतं, पण दुष्काळ सरून फार काळ झाला नव्हता, लोकांची तोंडं वाकडी झाली. बाईंनी भुसा टाकला. पाणी गटारीनं आलं, ओट्याशी अडलं, फुगलं आणि बोळाकडं वळलं. आबा धोतराचा सोगा धरून मागं, आम्ही त्यांच्या मागं. दुकानातून जन्मभर त्या वस्तीला ज्वारी विकलेला माणूस त्या बोळात पहिल्यांदाच उतरत होता.

खाली राहीबाई दारात शेंगा फोडत बसली होती. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. भुशाचं पाणी उंबऱ्याकडं येताना तिला दिसलं. कोण आलंय तेही तिनं पाहिलं नाही. उठली, आत गेली आणि पिठाचा डबा उचलून बाजेवर ठेवला. मग अंथरूण ठेवलं. मग तिच्या ध्यानात आलं, आणि वर आभाळाकडं बघून म्हणाली, "आन् पाऊस कुठं हाय?"

आबा तिच्या दाराशी उभेच राहिले. राहीबाईनं विचारलं, "आबा, तुम्ही इकडं कसं?" ते म्हणाले, "पाण्याबरोबर आलो." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः पहार मागवली. ओटा फुटत असताना ते दुकानात पाठमोरे बसून होते, आणि मला दोन्हीकडून वाईट वाटत होतं. शेजारच्यांनीही मग आपापले ओटे मागं घेतले. आबांनी फोडला म्हटल्यावर त्यांना तोंड उरलं नव्हतं. पुढं आबा दर उन्हाळ्यात गटारीत मूठभर भुसा टाकून पाण्यामागं चालत. मी हसले की म्हणत, "बाईनं खोड लावली."

बाई गाव सोडून गेल्या त्या दिवसाचं मात्र सांगायचं राहिलं. त्यांना दौंडला नोकरी मिळाली, म्हाताऱ्या वडलांजवळ. निघायच्या दिवशी सकाळपासून पाऊस कोसळत होता. आबांनी मला शेंगदाण्याची पिशवी देऊन स्टँडवर पाठवलं. गाडी लागलेली, बाई कुठंच नाहीत. मला ठाऊक होतं कुठं असतील. वाटेत बघितलं, तर जुन्या ओट्याच्या जागेवरून गटार भरभरून नाल्याकडं धावत होती आणि बोळ नुसता भिजलेला होता.

बाई राहीबाईच्या दारात छत्री धरून उभ्या होत्या. त्यांच्या चपलांभोवती चिखल होता, पाणी नव्हतं. राहीबाई आत बसायला बोलावत होती आणि बाईंचं तिच्याकडं लक्ष नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्यांना मान वर करून, समोर बघताना पाहिलं.

"बाई, काय बघताय एवढं?" राहीबाईनं विचारलं.

"काय न्हाई. निघते आता," त्या म्हणाल्या.

मीही आत बघितलं. बाहेर धो धो पाऊस चालला होता आणि पिठाचा डबा चुलीजवळ, जमिनीवर होता.