यादीताईंची तपासलेली यादी

यादीताई संगणकाच्या पडद्याला लाकडी फूटपट्टी लावून वाचायच्या. बोरिवलीतल्या आमच्या धर्मादाय डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेल्या माणसांची यादी त्यांच्याकडे असे, म्हणून हे नाव. पट्टी खाली सरकायची आणि त्या पुटपुटायच्या, "एक माणूस, एक ओळ." डॉक्टर हसले की म्हणायच्या, "हसा, हसा. ओळ तुटली की माणूस हरवतो. मग त्याला शोधायला तुम्ही जाणार का?"

यादी तक्त्यात असायची: नाव, पत्ता, फोन, तारीख. शस्त्रक्रियेआधी ती साध्या मजकुराच्या फाईलमध्ये उतरवून निरोप पाठवणाऱ्या प्रोग्रामला द्यायची. तो प्रोग्राम अगदीच भोळा. पत्त्याच्या चौकटीत कुणी मध्येच ओळ मोडली असली, की तिथून नवा माणूस सुरू झाला असं त्याला वाटे. नाव एका ओळीवर, फोन तिसऱ्या ओळीवर, आणि निरोप कुणालाच नाही.

म्हणून फाईल देण्याआधी यादीताई असल्या मोडलेल्या ओळी शोधून काढायच्या. शोधायच्या चौकटीत कंट्रोल आणि इंग्रजी जे ही दोन बटणं एकदम दाबायची. काहीच उमटत नाही, नुसता एक ठिपका लुकलुकतो. "दिसत नाय, पण आहे," त्या मला सांगायच्या. त्या जागी त्या स्वल्पविराम घालत. एकदा मी म्हटलं, "नुसतं पुसून टाका की." त्यांनी कपाळाला हात लावला. "काका, वरच्या ओळीत खोली बारा, खालच्या ओळीत तीन नंबर गल्ली. नुसतं पुसलं तर खोली एकशे तेवीस होईल. म्हातारी माणसं कुठे शोधायची?"

मी तिथे निवृत्तीनंतर विनामूल्य काम करायला जात होतो. विक्रोळीच्या कारखान्यात माल पाठवण्याच्या खात्यात माझी तीस वर्षं लिफाफे लिहिण्यात गेली. नाव वर, खोली खाली, त्याखाली चाळ, त्याखाली गाव. एका ओळीत कोंबलेला पत्ता बघितला की मला तो माणूस दाटीवाटीत उभा असल्यासारखा वाटे. आल्ट धरून एंटर दाबलं की चौकटीतच खालची ओळ मिळते, हे मला पुतण्याने शिकवलं होतं. यादीताईंनी मला दोनदा बजावलं होतं, "काका, असं नाय करायचं हं."

एका शनिवारी त्या यादी तपासून घरी गेल्या. फाईल सोमवारी द्यायची होती. मला नऊ पत्ते फारच ओबडधोबड दिसले. त्यांचं बजावणं विसरून मी ते लिफाफ्यावर शोभतील असे छान चार-चार ओळींत मांडले आणि समाधानाने घरी गेलो. सोमवारी यादीताईंनी ती तपासलेलीच यादी म्हणून पुढे पाठवली.

नऊ माणसांना निरोप गेला नाही. त्यांतली मनोरीची एक कोळीण पुढच्या आठवड्यात फेरीबोटीने मार्वेला उतरून चौकशीला आली, तेव्हा तिच्या शस्त्रक्रियेची तारीख उलटून गेली होती. "मगे माजा नंबर कुनी खाल्ला?" ती दारातच ओरडली. व्यवस्थापकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "यादी कोणी तपासली होती?"

यादीताई म्हणाल्या, "मीच."

मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. फाईल उघडून बघितली तर माझेच नऊ पत्ते मोडलेले. मी ती बंद केली.

त्या नऊजणांची शस्त्रक्रिया महिन्याभराने झाली. यादीताईंना कुणी काढलं नाही. त्याच सोडून गेल्या. किल्ल्या माझ्या हातात देत म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांवरच भरवसा नाय राहिला, काका." मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो आणि तिथेही गप्प राहिलो.

दोन वर्षांनी कळलं की त्या चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत खोक्यांवर लेबलं चिकटवतात आणि संगणकाला हात लावत नाहीत. गेल्या महिन्यात मी तिथे गेलो. जेवणाच्या सुट्टीत त्या डबा घेऊन पायरीवर बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला. "म्हणजे मी तपासली होती?"

"तपासली होती. अगदी नीट."

"सगळी?"

"सगळी."

त्या डब्याला झाकण लावून उठल्या. मग एकदम भडकल्या. "दोन वर्षं, काका! घरचं वाणसामान लिहिताना पण मी तीन-तीनदा वाचते. नवरा बोलतो, वेड लागलंय तुला." डोळे पुसून त्यांनी आतून एक कोरा कागद आणला. "तोंडी नको. दवाखान्याला लिहून द्या."

मी लिहिलं. त्यांनी वाचलं आणि 'चुकून' या शब्दावर बोट ठेवलं. "पत्ते मोडलेत ते चुकून. गप्प बसलात ते चुकून नव्हतं. ते पण लिहा."

तेही लिहिलं. त्या पायरीवर, सत्तरी ओलांडलेल्या वयात, मला खूप दिवसांनी नीट श्वास घेता आला.

कागद वाचून व्यवस्थापकांनी मला चार शब्द सुनावले, मग यादीताईंना फोन केला. त्या परत यायला तयार झाल्या, पण एका अटीवर: यादीचा पासवर्ड काकांना कळता कामा नये.

तो मला अजून माहीत नाही. फार बरं वाटतं.