चकचकीत दात
नायलॉन जळाल्याचा वास आला की गंगापूर रोडवरची ती निलगिरी आठवते. संक्रांतीनंतर तिच्या शेंड्याला मांज्यात घुबड अडकलं होतं आणि शिडी पोचत नव्हती. पक्षी सोडवणाऱ्या माझ्या मित्रासाठी मी आमच्या सिन्नरच्या कारखान्यात, जिथे मी हत्यारं घडवतो त्या टूलरूममध्ये, दोरावर चढायची पकड बनवली होती. वजन पडलं की तिचे दात दोरात रुतायचे. पण टोचणारी कड ठेवून वस्तू टूलरूमबाहेर द्यायची नाही, ही सवय नडली. देण्याआधी मी ते दात घासून चकचकीत केले. अर्ध्यावर पकड निसटली, नायलॉनचा दोर घासून जळल्याचा वास आला आणि मित्र दोर धरून घसरत खाली आला, तळवे सोलून. "दात का घासलेस रे?" एवढंच म्हणाला. दुसरी पकड होईपर्यंत वरची फडफड थांबली होती. ती पहिली अजून माझ्याकडे आहे. बघणारे म्हणतात, "काय सफाई आहे हाताला!"