डोक्यावरची जागा

फोटोग्राफरकडे फोटो राहत नाहीत, ते गिऱ्हाईक घेऊन जातं. राहतात ते किस्से. वारंगा फाट्यावर माझा स्टुडिओ आहे. समोरच्या हॉटेलात आम्ही तिघं चहाला बसलो की एक किस्सा दुसऱ्याला ओढून आणतो. तिघं म्हणजे मी, शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरचा वसंत राठोड आणि डोंगरकड्याचे गंगाधरकाका. कॅमेरा कसा धरायचा, हे आम्हा दोघांना काकांनीच शिकवलं. गेल्या वर्षी तिघं मिळून हैदराबादला कॅमेऱ्यांच्या एक्स्पोला जाऊन आलो. तेव्हापासून तर चहा आटोपतच नाही.

*

आधी राठोडचं. त्याला एक खोड आहे. फोटो काढताना माणसाच्या डोक्यावर एवढी रिकामी जागा सोडतो की तिथे आणखी एक माणूस मावावा. काका कधीपासून ओरडतायत, "वसंता, माणसाचा फोटो काढून राहिला का आभाळाचा?"

एक्स्पोत एका स्टॉलवर नवरीचा शृंगार करून एक मॉडेल बसवली होती. नवा कॅमेरा हातात घ्यायचा आणि तिचा फोटो काढून बघायचा. राठोडचा नंबर आला. त्याने कॅमेरा ठेवला खाली, सरळ स्टेजवर चढला आणि म्हणाला, "ताई, पदर घसरून राहिला." खिशातून सेफ्टी पिन काढून तिच्या हातात दिली. लग्नाचं काम करणारा आमच्याकडचा फोटोग्राफर पिनेशिवाय घर सोडत नाही.

ती पोरगी हसली. सकाळपासून पहिल्यांदा मनापासून हसली असावी. बाकीच्यांनी धडाधड फोटो काढून घेतले. राठोडचा कॅमेरा खालीच!

*

मी काही वेगळा नाही. एका स्टॉलवर मला कॅमेरा देऊन म्हणाले, कशाचाही फोटो काढा. समोर कंपनीचे सुटाबुटातले साहेब एका म्हाताऱ्या गृहस्थांना माहितीपत्रक देत होते. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "सोडू नका, धरून ठेवा तसंच! इकडं बघा."

लग्नात आहेर देताना आम्ही हेच ओरडतो. देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही हात आहेरावर पाहिजे, नाहीतर नंतर भांडण होतं. साहेब आणि ते आजोबा माहितीपत्रक धरून फ्लॅश पडेपर्यंत निमूट उभे राहिले. मागून राठोड म्हणाला, "आता पाहुणे बदला."

*

काकांची गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नव्हती. एक्स्पोच्या आधी दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. मांडवात उजेड कमी असला की फोटो हलायचे. डोंगरकड्यात कितीतरी घरांत बापाच्या लग्नाचे फोटो काकांनी काढलेले, म्हणून पोराच्या लग्नालाही काकाच हवेत. हे काम सुटलं तर माणूस खचेल, या भीतीने आम्हाला झोप येईना.

मग आम्ही एक लबाडी केली. काकांच्या प्रत्येक लग्नाला मी आणि राठोड पाहुणे म्हणून जायचो, गळ्यात कॅमेरा. "तुमाला काहून बोलावते रे सगळे?" काका विचारायचे. अल्बम माझ्याच कॉम्प्युटरवर बनतात. काकांचा हललेला फोटो काढून टाकायचा आणि त्या जागी आमच्यातल्या कुणाचा तरी घालायचा. तयार अल्बम बघून काका खूश व्हायचे. हात हलतोय, पण काम अजून साफ आहे, असं त्यांना वाटायचं. आम्हाला तेवढंच पाहिजे होतं.

एक्स्पोत हातभर लांबीची एक लेन्स स्टँडवर लावून ठेवली होती. राठोडने डोळा लावला आणि हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला खुर्चीवर टेकलेले काका शोधून काढले.

"काय करून राहिले?" मी विचारलं. तो बाजूला सरकला. मग मी बघितलं. काकांनी डाव्या हाताने उजवा हात मांडीवर घट्ट दाबून धरला होता. आमच्यासमोर त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

स्टॉलवाल्याने विचारलं, "कैसा लगा?"

राठोड म्हणाला, "बहुत साफ दिखता, भाई."

*

दुपारी काका एका स्टॉलवर जाऊन उभे राहिले, आणि आमचं धाबं दणाणलं. तिथे काढलेला फोटो लगेच मागच्या मोठ्या पडद्यावर दिसत होता. मी म्हणालो, "काका, जेवून घेऊ." राठोड म्हणाला, "पाय दुखत असतील तुमचे." काका हललेच नाहीत.

स्टॉलवरच्या मुलीने कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "अंकल, हाथ हिलेगा तो भी फोटो नहीं हिलेगा."

काकांनी तिचाच फोटो काढला. पडद्यावर तिच्या पापणीचा केस अन् केस दिसत होता. आम्ही सुटकेचा श्वास सोडला, तेवढ्यात काकांनी विचारलं, "बेटा, ये बंद भी होता क्या?"

तिने फोटो सावरायची ती सोय बंद करून दिली. काकांनी पुन्हा तिचाच फोटो काढला. या वेळी पडद्यावर एका चेहऱ्याचे दोन चेहरे झाले होते. काकांनी ते नीट बघून घेतलं. मग कॅमेरा दोन्ही हातांनी जपून परत देत म्हणाले, "बराबर हाय."

परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. नांदेड जवळ आल्यावर एकच बोलले. "मंग माझे दोन सालचे फोटो साफ कसे आले रे?"

राठोडने डोळे मिटून घेतले. मी पाण्याची बाटली शोधू लागलो. ती माझ्या मांडीवरच होती.

*

आठ दिवसांनी काका माझ्या स्टुडिओत आले. राठोडही तिथेच बसला होता. काकांच्या काखेत एक अल्बम होता, मागच्या उन्हाळ्यातल्या लग्नाचा, नवरीच्या घरून मागून आणलेला.

त्यांनी मधलं पान उघडून टेबलावर ठेवलं. मंगलाष्टकांचा फोटो, दोन पानं भरून. नवरा-नवरीच्या मध्ये अंतरपाट, अक्षता हवेत. मीच निवडून घातलेला, राठोडने काढलेला.

काकांनी मांडवाच्या मागच्या खांबाजवळ बोट ठेवलं. बोट थरथरत होतं. तिथे, खांबाला टेकून, डाव्या हाताने उजवं मनगट धरून, डोळ्याला कॅमेरा लावलेले गंगाधरकाका स्वतःच उभे होते.

आम्ही दोघंही खाली बघत बसलो.

काकांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून फोटो नीट बघितला, वरपासून खालपर्यंत.

"वसंता," ते म्हणाले, "डोक्यावर जागा लई सोडलीस. येत्या लग्नात थोडं खाली घे."